तोफखान्याचे कान आणि अकरा मात्रा



मी तोफखान्यातला निवृत्त अधिकारी. मूळ गाव मिरज, मुक्काम चेन्नई. या व्याख्यानमालेसाठी फोन आला तेव्हा पलीकडच्या ताईंना वाटलं होतं, मी एखाद्या लढाईवर बोलेन. मी म्हटलं, "मला 'ग्रेटफुल डेड'वर बोलायचंय." पलीकडे थोडी शांतता. मग त्यांनी अदबीनं विचारलं, "सर, ही लढाई कधी झाली?"

तर मंडळी, ग्रेटफुल डेड ही लढाई नाही. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को भागातला हा एक रॉक बँड. १९६५ साली सुरू झाला. त्यांच्या संगीताला सायकेडेलिक रॉक म्हणतात. १० नोव्हेंबर १९६९ ला त्यांचा 'लाइव्ह/डेड' हा अल्बम आला. दोन तबकड्या, चार बाजू, मिळून साधारण सव्वा तास. आज मी या एका अल्बमवर बोलणार आहे. आणि माझ्या कानांवरही. दोन्ही एकत्र का, ते पुढे कळेल.

सुरुवात मिरजेपासून करतो. आमच्या गावात तंबोरे आणि सतारी बनतात हे तुम्हाला ठाऊक आहे. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी रात्र रात्र गाणं चालतं. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथंच आहे. लहानपणी वडिलांच्या मांडीवर झोपत, जागत मी ते गाणं ऐकलं. घरी खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्याही होत्या. ७८ गतीच्या. एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं. वडील नेहमी म्हणायचे, "हे गाणं नाही रे, हा गाण्याचा पत्ता आहे. घर वेगळंच." रात्रभर राग उलगडणारा माणूस तीन मिनिटांत काय दाखवणार? दाराशी उभं करून परत पाठवल्यासारखं व्हायचं.

खाँसाहेबांचा शेवट आमच्या या चेन्नईजवळच झाला. १९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत तब्येत बिघडली, म्हणून चेंगलपट्टूच्या अलीकडे सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर उतरले आणि तिथंच गेले. मी त्या स्टेशनावर दोनदा जाऊन आलोय. साधं स्टेशन, लोकल थांबतात, चढणारे चढतात. मिरजेचा माणूस तिथं हात जोडतो तेव्हा लोक बघत राहतात.

आता १९८४. मी मद्रासला ओटीएसमध्ये दाखल झालो. ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल, सेंट थॉमस माउंटजवळ. १९८८ पासून त्याला अकादमी म्हणतात, ओटीए. माझा खोलीतला जोडीदार मैलापूरचा. लहानपणापासून मृदंगम शिकलेला. त्याचा मावसभाऊ कॅलिफोर्नियात शिकायला होता, त्यानं पाठवलेली नव्वद मिनिटांची एक कॅसेट याच्या ट्रंकेत कपड्यांखाली लपवलेली. एका रविवारी दुपारी त्यानं ती लावली. पाच मिनिटं गेली, कुणी गायला तयार नाही. मी म्हटलं, "अरे, गाणं कधी सुरू होणार?" तो म्हणाला, "सुरूच आहे. तू थांबलायस."

त्या बाजूवरचं पहिलं गाणं 'डार्क स्टार'. अल्बमच्या मूळ तबकडीची पहिली अख्खी बाजू त्यानं व्यापली आहे, तेवीस मिनिटं. गंमत अशी, की हेच गाणं १९६८ मध्ये छोट्या तबकडीवर आलं होतं, तेव्हा ते पावणेतीन मिनिटांचंही नव्हतं. वडिलांचं वाक्य आठवलं. पत्ता आणि घर. वर्षभरात या पोरांनी पत्त्याचं घर केलं होतं.

हे कसं झालं, ते थोडं सांगतो. १९६८-६९ मध्ये हा बँड स्टुडिओत एक अल्बम करत होता. सोळा ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन तेव्हा नवं होतं. सोळा ट्रॅक म्हणजे सोळा वेगळ्या पट्ट्या: गिटार एकीवर, बास दुसरीवर, ड्रम आणखी कशावर. नंतर प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतो. नवं खेळणं हातात आलेल्या मुलांसारखे हे त्यात रमले. महिनोन्महिने गेले, कंपनीचं कर्ज वाढलं. मग तेच अवजड मशीन कार्यक्रमाच्या हॉलमध्ये नेलं. जानेवारीत अॅव्हलॉन बॉलरूम, फेब्रुवारीअखेर आणि मार्चच्या सुरुवातीला फिलमोर वेस्ट. सोळा ट्रॅकवर मुद्रित झालेला रॉकमधला हा पहिला लाइव्ह अल्बम. स्टुडिओत महिने घालवून जे सापडत नव्हतं, ते हॉलमध्ये काही रात्रींत सापडलं.

का सापडलं? कारण ते एकमेकांचं ऐकत होते. सात माणसं. 'डार्क स्टार'ला ठरलेली चीज अगदी थोडी, एक छोटी धून आणि दोन कडवी. त्यातलं पहिलं कडवं सहा मिनिटं उलटल्यावर येतं. बाकी सगळी बढत. स्वर साधारण आपल्या खमाज थाटाचे, इथल्या भाषेत हरिकांभोजी. जेरी गार्सिया गिटारवर एक वाक्य म्हणतो, फिल लेश बासवर त्याला उत्तर देतो, कधी आडवं जातो. हा लेश मुळात ट्रम्पेट वाजवणारा आणि रचनाशास्त्र शिकलेला. बास त्यानं ठेक्यासारखी वाजवलीच नाही. तंबोरा सोडून जोडीनं गायला बसलेल्या दुसऱ्या गवयासारखी ती चालते.

आता फौजी माणूस म्हणून एक कबुली. पुढे नोकरीत असताना या गार्सियाची माहिती वाचली आणि मला हसू आलं. हा गृहस्थ १९६० मध्ये, सतराव्या वर्षी, अमेरिकन लष्करात भरती झाला होता. सॅन फ्रान्सिस्कोतल्याच छावणीत होता. पुनःपुन्हा बिनपरवाना गैरहजर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लष्करानं त्याला घरी पाठवलं. माझ्या बॅटरीत असता तर मीही तेच केलं असतं, आणि वर एक पानभर शेरा लिहिला असता. मिकी हार्ट हा ड्रमर हवाई दलात होता. टॉम कॉन्स्टँटन हा कीबोर्डवाला तर हवाई दलातून सुटल्या सुटल्या बँडमध्ये आला. आणि फिलमोर वेस्ट चालवणारा बिल ग्रॅहम कोरियाच्या युद्धात लढून शौर्यपदक मिळवलेला. म्हणजे ज्या हॉलला आम्ही 'हिप्पींचा अड्डा' म्हणून नाक मुरडायचो, तिथं गणवेश घातलेले बरेच जण होते.

दुसरी कबुलीही देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल साहेब गोड गोड सांगतायत. या संगीताची मुळं एलएसडीत आहेत. 'सायकेडेलिक' हा शब्दच तिथून चिकटलाय. नशेची किंमत त्यांनी मोजली. या अल्बमवर पंधरा मिनिटं गाऊन सगळा हॉल नाचवणारा पिगपेन दारूपायी १९७३ मध्ये गेला, वय सत्तावीस. गार्सिया १९९५ मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी गेला, त्यालाही व्यसनांनी पोखरलं होतं. नशेमुळे संगीत चांगलं झालं असं मला वाटत नाही. तालमीमुळे झालं. रोज तासन्‌तास ते एकत्र वाजवायचे.

त्या तालमीचा पुरावा म्हणजे दुसऱ्या बाजूवरचं 'द इलेव्हन'. नावातच हिशेब आहे, अकरा मात्रा. तीन, तीन, तीन, दोन. माझ्या जोडीदारानं मला ते मांडीवर टाळी देऊन शिकवलं. दुसऱ्या दिवशी ड्रिल स्क्वेअरवर, आज ज्याला मेजर परमेश्वरन यांचं नाव आहे तिथं, माझ्या डोक्यात तेच चालू. आता बघा, अकरा हा विषम आकडा. पहिलं आवर्तन डाव्या पायावर सुरू झालं तर दुसरं उजव्या पायावर सुरू होतं. मी नेमका तिथं गडबडलो. ड्रिल उस्तादांनी मला सगळ्यांसमोर बाहेर काढलं आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. फेऱ्या मारतानाही मी मोजतच होतो, तीन, तीन, तीन, दोन.

हा अकराचा हिशेब रॉकवाल्यांनी कुठून आणला? कल्पना लेशची. पण मिकी हार्ट त्याच सुमारास उस्ताद अल्लारखांकडे मात्रांचं गणित शिकत होता, हेही खरं. पुढे माहीमचा झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोकडे गेला आणि हार्टचा आयुष्यभराचा मित्र झाला. १९९१ मध्ये हार्टनं 'प्लॅनेट ड्रम' हा अल्बम केला. त्यात झाकीरभाई होते आणि आमच्या चेन्नईचे घटमवादक विक्कू विनायकराम होते. जागतिक संगीतासाठीचं पहिलं ग्रॅमी त्याला मिळालं. विनायकराम यांच्या वडिलांनी इथं १९५८ मध्ये तालवाद्यांची शाळा काढली होती, जय गणेश ताल वाद्य विद्यालय. कर्नाटक तालपद्धतीत अकरा अक्षरांचा ताल शेकडो वर्षं आहे, संकीर्ण जातीचा रूपक. तेव्हा माझा जोडीदार जे म्हणायचा ते खोटं नव्हतं: "यांनी नवं काही केलं नाही, फक्त विजेवर लावलं."

इथपर्यंत सगळी मजा होती. आता कानांचं सांगतो.

कमिशन मिळालं, तोफखाना मिळाला. देवळाली, पोखरण, सीमेवरच्या जागा, बरीच वर्षं तोफांच्या सोबत. मोठी तोफ सुटते तेव्हा जवळच्या माणसाच्या कानावर क्षणभर १६० डेसिबलहून जास्त आदळतं. १४० च्या वरचा एकच धमाका कान बिघडवू शकतो. कानाचे प्लग मिळायचे. ते माझ्या खिशात असायचे. जवानांनी घातलेत की नाही ते मी बघायचो, स्वतः मात्र घालत नव्हतो. प्लग घातला तर हुकूम नीट ऐकू येणार नाही, आणि खरं सांगायचं तर अधिकाऱ्यानं कान झाकले तर कसं दिसेल, अशी एक खुळी समजूत. दोष माझा. दुसऱ्या कुणाचा नाही.

कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पहिल्यांदा मरतात त्या वरच्या पट्टीच्या. त्यामुळे माणूस बहिरा झालाय हे त्यालाच कळत नाही. आवाज येतो, शब्द येत नाहीत. स, श, फ, त ही अक्षरं वरच्या पट्टीतली, ती गळतात. 'सात'चा 'हात' होतो. आणि घरातली माणसं पुटपुटतात असं वाटायला लागतं. मला बरीच वर्षं वाटत होतं की आमच्या हिला हळू बोलायची सवय आहे. तिला वाटत होतं, हे मुद्दाम लक्ष देत नाहीत. आमची निम्मी भांडणं या एका गोष्टीवरून झाली, आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं.

निवृत्तीनंतर मुलगी चेन्नईत नोकरीला, म्हणून आम्ही इथं आलो. डिसेंबरात इथं संगीताचा मोसम असतो, मार्गळी म्हणतात. सभेसभेत सकाळपासून कचेऱ्या. मी आणि ही हौसेनं जायला लागलो. एका डिसेंबरात मैलापुरातल्या एका सभेत मधल्या रांगेत बसलो होतो. तनि आवर्तनम सुरू झालं, म्हणजे गायक थांबतो आणि मृदंगम, घटम वाजवणारे आपसात बोलतात. इथल्या काही रसिकांची कॉफीला उठायची वेळ हीच. मी उठत नाही, मला तीच जागा आवडते. पण त्या दिवशी घटमवाल्याची बोटं नुसती फिरताना दिसत होती. मी हिला म्हटलं, "त्याचा माइक बंद आहे." हळू म्हटलं असं मला वाटलं. आसपासच्या चार रांगा वळल्या. घटमवाल्यानंही पाहिलं. ही मान खाली घालून म्हणाली, "अहो, चालू आहे."

बाहेर आलो. रिक्षात दोघंही गप्प. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "कान दाखवून या. मी सोबत येते."

तपासणीचा कागद हातात आला. त्याला ऑडिओग्राम म्हणतात. मी आयुष्यभर नकाशे वाचले, त्यामुळे समजवावं लागलं नाही. डावीकडे खर्जात रेषा सपाट पठारावरून चालली होती. २००० हर्ट्‌झच्या पुढे उतार, आणि ४००० ला सरळ कडा. तोफखान्याच्या माणसाचा नेहमीचा नकाशा. तपासणाऱ्या बाईंनी हिला आत बोलावलं आणि सांगितलं, "तुम्ही म्हणता ते यांना अर्धंच पोचतं." ही बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही ऐकून घेत नाही." मी काय उत्तर देणार? दोन्ही खरं होतं. कान गेले होते हे खरं, आणि हुकूम देण्याची सवय लागलेल्या माणसाला ऐकून घेण्याची सवय नव्हती, हेही खरं. पहिल्याला मशीन मिळतं.

मशीन लावलं. पहिल्या दिवशी कावळा, वर्तमानपत्राची पानं, नळाचं थेंब थेंब गळणं, सगळं अंगावर आलं. बोलणं सुधारलं. पण गाणं लावलं तर पत्र्यावर वाजवल्यासारखं. कारण ही मशीनं बोलण्यासाठी बनतात. हळू आवाज वाढवतात, मोठा दाबतात. संगीताचा जीव त्या चढउतारातच असतो. त्या बाईंनी संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम भरून दिला, ज्यात मशीन ढवळाढवळ कमी करतं. त्या म्हणाल्या, "ओळखीचं काहीतरी रोज ऐका. मेंदूला पुन्हा शिकू द्या."

मी माझ्या ओटीएसच्या जोडीदाराला फोन केला. तोही निवृत्त, मैलापुरातच राहतो. संध्याकाळी आला. कॅसेट कधीच गेलेली, आता फोनवर सगळं मिळतं. आम्ही 'डार्क स्टार' लावलं. झांजा मला पूर्वीसारख्या ऐकू येत नाहीत, येणारही नाहीत. पण खर्ज माझा शाबूत आहे. म्हणून मी लेशच्या बासचा हात धरला आणि आत गेलो. चाळीस वर्षं मी गार्सियाची गिटार ऐकत होतो. बास काय बोलते ते मला कान गेल्यावर कळलं. गिटार कुठे जाणार हे तिला आधी कळलेलं असतं, आणि कधी कधी ती मुद्दाम वाट सोडते, बघू येतोस का म्हणून.

तेव्हा मित्रानं मला आणखी एक गोष्ट सांगितली. 'सेंट स्टीफन'मधून 'द इलेव्हन'मध्ये अल्बमवर जी सलग उडी आहे, जिच्यावर आम्ही ओटीएसमध्ये जीव टाकायचो, ती एका रात्रीतली नाहीच. पहिलं गाणं फेब्रुवारीतलं, फिलमोरचं. दुसरं जानेवारीतलं, अॅव्हलॉनचं. फीत कापून जोडलेली. क्षणभर मला फसवल्यासारखं वाटलं. मग वाटलं, जुळलं कसं? महिन्याचं अंतर, वेगळा हॉल, तरी सांधा दिसत नाही. कारण दोन्ही रात्री ही माणसं त्याच चालीनं एकमेकांकडे कान लावून होती.

या बँडनं आणखी एक मोठेपणा दाखवला. ऐकायला येणाऱ्यांना कार्यक्रम टेप करू दिले. १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांसाठी हॉलमध्ये वेगळी जागाच ठेवली. विकू नका, वाटा, एवढीच अट. आपल्याकडे मैफिलींच्या खासगी टेप हातोहात फिरायच्या, तसंच. त्यातूनच ती कॅसेट माझ्यापर्यंत आली असणार, कुणास ठाऊक किती हातांतून.

तर मंडळी, माझं सांगणं थोडकं आहे. तरुणांनी हा अल्बम रात्री, निवांत, एकदा पूर्ण ऐकावा. हेडफोनचा आवाज मात्र अर्ध्यावर ठेवून. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. फौजेतले, गिरणीतले, छापखान्यातले, ढोलपथकातले जे कुणी ऐकत असतील, त्यांनी पन्नाशीनंतर एकदा कानांचा नकाशा काढून घ्यावा. आणि घरात कुणी "तुम्ही ऐकत नाही" असं वारंवार म्हणत असेल, तर भांडण्याआधी तपासून घ्यावं, दोन्ही अर्थांनी.

मागच्या मोसमात आम्ही पुन्हा त्याच सभेत गेलो. या वेळी पुढच्या रांगेत. तनि सुरू झालं. घटमचा टणत्कार मला पुसट येत होता, पण मृदंगमचा डावा हात स्पष्ट. ही माझ्या मांडीवर बोटानं ताल देत होती, म्हणजे मला जे ऐकू येत नाही ते तिथून कळावं. तीन आवर्तनं झाल्यावर मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "माइक चालू आहे."

ती म्हणाली, "हळू बोला."

 जय हिंद.